तळ तसा शिंपला

श्रोतेहो, नमस्कार. सुकतीच्या वेळी वांद्र्याच्या बँडस्टँडवर गेलात, तर पाणी हटल्यावर काळं खडप उघडं पडलेलं दिसेल. त्यावर पांढरट, पाय कापतील अशा धारदार शिंपांचा थर असतो. ती कालवं. आता जुहूच्या पुळणीत, नुसत्या वाळूत, एक जिवंत कालव शोधून दाखवा. मिळायचं नाही. समुद्र तोच, पाणी तेच; बदलला तो फक्त तळ.

कालवाचं पिल्लू चिकटलेलं जन्मत नाही, पोहत असतं. टाचणीच्या डोक्याहूनही लहान. दोन-तीन आठवडे ते प्रवाहाबरोबर वाहतं, मग त्याला इवलासा पाय फुटतो आणि त्या पायाने ते तळ चाचपू लागतं. जागा टणक हवी, आणि तिथे आधीची कालवं नांदत असली तर फारच उत्तम. जागा पसंत पडली, की अंगातून सिमेंटसारखा स्राव सोडून ते डावी शिंप खडकाला चिकटवतं. पाय गळून जातो. मग मरेपर्यंत जागा सोडणं नाही. एवढ्याशा जिवाने जन्माचं घर एकदाच निवडायचं, याचं मला अजून नवल वाटतं. चुकून मऊ चिखलात उतरलं, तर कल्ले गाळाने भरून ते गुदमरतं.

वाळूतल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, यांना चिकटायचं नसतंच. वाळू रोज हलते, म्हणून त्या मांसल पाय खुपसून आत शिरतात आणि दोन नळ्या तेवढ्या वर ठेवतात. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर.

खाजणाची तऱ्हा आणखी वेगळी. शिवडीच्या चिखलात बोट घाला. वरचा पातळ थर सोडला की खाली काळा गाळ लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण तिथे प्राणवायू उरलेलाच नसतो. तरी तिवरांच्या मुळांशी टेलिस्कोपियम नावाचा लांबट, निमुळता शंख सुखाने राहतो. गाळातला पालापाचोळ्याचा चुरा हेच त्याचं अन्न, आणि पाणी ओसरलं तरी त्याला हवेतून श्वास घेता येतो.

म्हणून भराव पडला की माझा जीव तुटतो. दगडी बांधावर उद्या कालवं येतील, खरं आहे. पण खाजणातल्या शंखाला त्या दगडाचा काय उपयोग?

पाहायला जायचं तर कोळीवाड्यातला जुना हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ येते. द्वितीयेला रात्री दीड वाजता भरती, म्हणजे सहा तासांनी, सकाळी साडेसातच्या सुमारास सुकती, आणि तीही उधाणाची, खोलवर हटणारी. बुटांना जाड तळवा असू द्या. एखादा दगड उलटून पाहिलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूला बसलेल्यांना ऊन सोसत नाही.