एक्कावन्न गुण आणि दोन गोल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं सावरून. माइकचे रुसवे गाळले आहेत.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला 'इंग्लंडमधले माझे अनुभव' असा विषय दिला होता. पण पहिली थंडी, पहिला बर्फ आणि कढीपत्त्यासाठी केलेली पायपीट हे अनुभव इथे सगळ्यांचेच आहेत. तेव्हा परवानगी न घेता विषय बदलतो. मी फुटबॉलबद्दल बोलणार आहे. आर्सेनल, लिव्हरपूलवाल्यांनी आशा सोडावी. विषय आहे ब्लॅकबर्न रोव्हर्स, आणि तेही ते जिंकले ते वर्ष नाही, तर २०१६-१७ चा हंगाम, ज्यात ते खाली गेले.

यात माझा काय संबंध? मी मूळचा पुण्याचा, कोथरूडचा, आणि २००९ पासून ब्लॅकबर्नमध्ये राहतो. नोव्हेंबर २०१० पर्यंत हे दोन्ही तपशील निरुपद्रवी होते. त्या महिन्यात पुण्याच्या वेंकीज या कोंबडीवाल्या कंपनीने हा क्लब विकत घेतला, सुमारे दोन कोटी तीस लाख पौंडांना. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, निवृत्त बस ड्रायव्हर. तोवर आमचं बोलणं हवा आणि कचऱ्याचे डबे यांपलीकडे गेलं नव्हतं. ते कुंपणाशी आले आणि म्हणाले, "तू पुण्याचा ना? मग सांग, ही माणसं कशी आहेत?"

आता काय सांगणार? श्रावण सोडून दर रविवारी आमच्याकडे चिकन व्हायचं, एवढीच माझी कुक्कुटपालनाची माहिती. "चांगली असतील," म्हणालो. पुढची सात वर्षं हे वाक्य मला परत ऐकवलं गेलं.

ज्यांना फुटबॉल फक्त टीव्हीवर दिसतो त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा क्लब होते, त्यांतले सहा एकट्या लँकेशायरचे, आणि त्यांतला एक ब्लॅकबर्न. सूतगिरण्यांचं गाव. आपला आणि या गावाचा संबंध कोंबडीच्या आधी कापसाचा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, इथले माग बंद पडले, घरोघर उपासमार झाली. त्याच काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचं वेड पसरलं. ते १८६५ मध्ये फुटलं. इथली चूल विझली तेव्हा तिकडे दिवाळी होती. उलटा हिशेब १९३१ मध्ये झाला. स्वदेशीमुळे इथले माग परत थंडावलेले असताना गांधीजी शेजारच्या डार्वेनला आले, आणि गिरणी कामगारांनी त्यांचं हसून स्वागत केलं. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी निदान क्लब तरी घेतला नाही."

तर, याच गावात जॅक वॉकर नावाचा पोलादाचा व्यापारी होता. लहानपणापासूनचा रोव्हर्सवाला. त्याने धंदा विकला आणि पैसा क्लबात ओतला. केनी डॅल्ग्लिश मॅनेजर, अ‍ॅलन शिअरर पुढे, आणि १९९५ मध्ये या लाखभर वस्तीच्या गावाने मँचेस्टर युनायटेडला एका गुणाने मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी स्वतः हरूनसुद्धा! तो एक गुण लक्षात ठेवा. हिशेबाने दिलेलं हिशेबानेच परत नेलं.

खाली जाणं म्हणजे काय हे मुंबईकरांना कळेल. कांगा लीग आठवा. 'ए' पासून 'जी' पर्यंत डिव्हिजन, आणि वर्षभर वाईट खेळलात की पुढच्या पावसाळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये. आयपीएलमध्ये शेवटचा आला तरी संघ पुढच्या वर्षी त्याच थाटात मिरवतो. इथे तसं नाही. प्रीमियर लीगखाली चॅम्पियनशिप, तिच्यात चोवीस क्लब, प्रत्येकाचे शेहेचाळीस सामने, आणि तळातले तीन खाली लीग वनमध्ये. टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू निघून जातात, गावातल्या पबचा शनिवारचा गल्लासुद्धा पडतो.

मालकी बदलल्यावर महिन्याभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं आणि घसरण सुरू झाली. २०११ च्या ऑक्टोबरात संघ पुण्यात आला, बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळला. माझ्या भावाने फोटो पाठवले, मला फार अभिमान वाटला. मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत अशी जाहिरात आली आणि अभिमान जरा कमी झाला. ७ मे २०१२, घरच्या मैदानावर विगनकडून हार, प्रीमियर लीगमधून बाहेर. त्या रात्री क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी कुणीतरी मैदानात सोडली होती. ते चित्र जगभर गेलं. ऑफिसमध्ये आठवडाभर मला सगळे 'गुड मॉर्निंग' ऐवजी कुकुचकू करत होते. पुढच्या हंगामात तर मॅनेजर आपल्याकडच्या भाडेकरूंसारखे बदलले. हेनिंग बर्ग सत्तावन्न दिवस, मायकल अ‍ॅपलटन सदुसष्ट दिवस. अकरा महिन्यांचा करारसुद्धा यापेक्षा टिकतो.

मालकांच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी, आणि गावात ती बोललेली चालत नाही. त्यांनी पैसा काढून नेला नाही, उलट वर्षानुवर्षं तोटा भरला. असे मालक या देशात कमी आहेत. पण पुण्याहून चेक येतो, माणूस येत नाही, हे गावाला जास्त झोंबलं. वॉकरही पैसेवालाच होता, पण त्याला शिव्या द्यायच्या तर तो समोर सापडायचा. घरचा कर्ता माणूस परगावी राहून मनिऑर्डर पाठवत असेल तर त्या घरात काय होतं, ते कोकणातल्या मंडळींना मी सांगायला नको.

आता २०१६ चा ऑगस्ट. नवीन मॅनेजर ओवेन कॉइल. हे पूर्वी शेजारच्या बर्नली क्लबचे. ब्लॅकबर्न आणि बर्नली यांच्यात सोयरीक होत नाही, एवढंच सांगतो. पहिल्याच दिवशी घरच्या मैदानावर नॉरिचकडून ४-१ ने हार. मग विगनकडून हार, त्यात आपल्या शेन डफीचा स्वयंगोल. तीन-चार दिवसांनी कार्डिफला त्याच डफीने आपल्याच जाळ्यात आणखी दोन गोल घातले आणि वर लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. गोल सगळे आपल्याच माणसाचे, आणि सामना २-१ ने गेलेला. ऑगस्ट संपायच्या आत डफी आणि कर्णधार ग्रँट हॅनली दोघंही विकले गेले. बचावाची भिंतच गेली. त्या रात्री आजोबा म्हणाले, "मे महिन्यात आजचा दिवस आठव."

नोव्हेंबरात ब्रायटनविरुद्ध चाहत्यांनी निषेध केला. क्लबची स्थापना १८७५ ची, म्हणून अठराव्या मिनिटाला मैदानात यायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं. मी आणि आजोबा बाहेर थंडीत उभे, आत सामना सुरू, आवाज ऐकू येतोय आणि दिसत काही नाही. अठरा मिनिटं ही फार लांब असतात हो. पंचाहत्तराव्या मिनिटाला बाहेर पडताना कुणीतरी मागून ओरडलं, "ए पुणे, तुझ्या लोकांना सांग!" आजोबा वळून म्हणाले, "तो माझ्याबरोबर आहे."

फेब्रुवारीत एफए कपमध्ये, म्हणजे लीगपेक्षा वेगळ्या बाद स्पर्धेत, मँचेस्टर युनायटेड आलं. आधी गोल आपण केला, डॅनी ग्रॅहमने, आणि हरलो १-२. दोन दिवसांनी कॉइल गेले, टोनी मोब्रे आले. शांत, गंभीर चेहऱ्याचा माणूस. संघ एकदम हरायचा थांबला. पण जिंकायलाही लागला नाही, बरोबरी, परत बरोबरी. पूर्ण हंगामात पंधरा बरोबऱ्या. बरोबरीचा एक गुण, विजयाचे तीन. बरोबरी म्हणजे त्या दिवशी वाटतं सुटलो, आणि मे महिन्यात कळतं की उधारी होती.

शेवटचा दिवस, रविवार, परत ७ मे. कोंबडीच्या रात्रीला बरोब्बर पाच वर्षं. रॉदरम आणि विगन आधीच खाली गेलेले. तिसऱ्या जागेसाठी तिघं: बर्मिंगहॅम ५० गुण, नॉटिंगहॅम फॉरेस्ट ४८, आपण ४८. गुण सारखे असले की गोलफरक बघतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. फॉरेस्टचा उणे तेरा, आपला उणे चौदा. एका गोलाचा फरक! सगळे सामने एकाच वेळी सुरू. आपला लंडनला, ब्रेंटफर्डशी. आजोबांच्या स्वयंपाकघरात रेडिओ लँकेशायर, माझ्या फोनवर बाकीचे दोन स्कोअर. आजोबांनी मला फोन उलटा ठेवायला लावला होता. अर्थात मी बघत होतोच.

दहाव्या मिनिटाला आपल्या मलग्र्यूचा गोल, सोळाव्याला गुथ्रीचा. २-०! तिकडे फॉरेस्टचं शून्य. त्या घटकेला आपण वाचलेलो होतो. आजोबा उठून किटलीत पाणी घालायला लागले, हात थरथरतोय. अर्धा तास आम्ही चॅम्पियनशिपमध्ये होतो. मग मध्यंतराच्या थोडं आधी फॉरेस्टला पेनल्टी मिळाली. १-०. मी मनातल्या मनात मांडलं: दोघांचे गुण सारखे, गोलफरकसुद्धा सारखा, उणे बारा. मग बघतात एकूण गोल कुणी जास्त केले, आणि त्यात फॉरेस्ट पुढे. मी काही बोललो नाही. आजोबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किटली बंद केली.

पुढे ब्रेंटफर्डने एक परत केला, फॉरेस्टने आणखी दोन घातले. बर्मिंगहॅम ब्रिस्टलला १-० ने जिंकलं. शेवटी कॉनवेने पेनल्टीवर आपला तिसरा गोल केला, पण त्याचा उपयोग नव्हता. आपण ३-१ ने सामना जिंकलो आणि खाली गेलो. फॉरेस्ट ५१, ब्लॅकबर्न ५१. ते उणे दहा, आपण उणे बारा. फॉरेस्ट त्या वर्षी तेवीस सामने हरलं होतं, आपण एकोणीस. चार सामने कमी हरून आपण खाली! प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब त्याआधी तिसऱ्या पायरीपर्यंत घसरला नव्हता.

वर्तमानपत्रांनी ब्रेंटफर्डचं वर्णन केलं. आजोबांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "कार्डिफ." एवढंच. डफीचे ते दोन गोल.

मला वाटलं, आता हे मैदानाकडे फिरकायचे नाहीत. मालकांवर राग, वयाची सत्तरी उलटलेली, आणि लीग वनमध्ये कोण येणार, तर फ्लीटवुड आणि रोचडेल. आठवड्याभरात त्यांनी दार वाजवलं. हंगामाच्या तिकिटाचा फॉर्म हातात. म्हणाले, "एक काढू की दोन?" मी म्हटलं, "पैसे पुण्याच्या मालकांना जातील." ते म्हणाले, "ते जातील. मी इथेच आहे."

दोन काढली.

ऑगस्टात पहिले दोन्ही सामने हरलो. दुसरा घरच्या मैदानावर, डॉनकास्टरकडून, ३-१. पाऊस असा की आजोबांच्या टोपीतून धार. पण मोब्रेंना यावेळी कुणी हलवलं नाही, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच डॉनकास्टरला जाऊन १-० ने जिंकून आपण परत वर आलो. गोल मलग्र्यूचाच. हंगामात ९६ गुण, तरीही दुसरे. पहिलं विगन, ९८. त्याचं मात्र कुणाला काही वाटलं नाही.

आजोबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, जिने चढताना माझा हात धरतात. गेल्या दिवाळीला त्यांनी आमच्याकडे सात चकल्या खाल्ल्या आणि विचारलं, या तरी पुण्याच्या आहेत ना. कधीकधी त्यांना येणं जमत नाही, तेव्हा त्यांच्या शेजारची जागा माझी आणि त्यांची जागा रिकामी असते. कुणाला यायचं असेल तर जेवणाच्या वेळी मला गाठा. रेनकोट आणा, छत्री आत घेऊ देत नाहीत. आणि कोंबडीचा विनोद करायचा असेल तर तो घरीच करून या, तिथे तो सगळ्यांनी ऐकलेला आहे.