अंगठ्याचा हिशोब

नमस्कार मंडळी. आज सातपूर, अंबड, सिन्नरला कामाला जाणाऱ्यांशी बोलायचंय, पण घरी ऐकणाऱ्या आईनं, बायकोनं पण जरा रेडिओचा आवाज वाढवा, कारण कंपनीत अ‍ॅक्सिडेंट झाला की कागद घेऊन पळापळ शेवटी तुम्हालाच करावी लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं एक पोरगा आला, सुरगाण्याकडचा, वय 30, पगार 16 हजार. पॉवर प्रेसवर उजव्या हाताचा अंगठा गेलेला. सात जणांचं छोटं शॉप, त्यामुळं ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड नाही. हाताला मोठं बँडेज आणि खिशात चार घड्या घातलेला कागद, त्यावर टाईप केलेलं की मला 20 हजार मिळाले, आता माझी काही तक्रार नाही. मला म्हणतो, "ताई, सही मला जमत नाही, अंगठा लावायचा तर उजवा राहिला नाही, ते म्हणले डावा चालेल. लावू का?" मला दोन मिनिटं काही बोलताच येईना.

आता त्याचा खरा हिशोब ऐका. त्याचा अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा लागू होता आणि त्याच्या तक्त्यात कुठला अवयव गेला तर किती टक्के ते लिहिलेलं आहे, अंगठा 30 टक्के, अंगठ्याशेजारचं बोट अख्खं गेलं तर 14. पगाराचे 60 टक्के काढायचे, त्याला कायद्यात वयानुसार दिलेल्या आकड्यानं गुणायचं, 30 वर्षांना तो 207.98 आहे, आणि जे येईल त्याचे 30 टक्के. पण पगार कितीही असला तरी हिशोबात धरायची एक मर्यादा असते, ती मे 2010 पर्यंत फक्त 4,000 होती, मग 8,000 झाली आणि 3 जानेवारी 2020 पासून 15,000. म्हणजे तोच अंगठा 2010 च्या आधी दीड लाखाच्या आत, नंतर तीन लाखाच्या जवळ आणि आता 5 लाख 61 हजार! मधली जवळपास दहा वर्षं ही मर्यादा 8,000 वरच अडकली होती, त्या काळात ज्यांची बोटं गेली त्यांच्यावर अन्यायच झाला असं मला वाटतं.

आणि याच्या हातात 20 हजार.

तर असा परस्पर लिहून घेतलेला हक्कसोडीचा कागद कायद्यात टिकत नाही, पण तो फिरवून कोर्टात कामगाराला दमवता येतं, म्हणून सही नको आणि अंगठा पण नको. 1923 च्या कायद्यात पैसे महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज होतं, विनाकारण अडवले तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. 2009 च्या दुरुस्तीनं दवाखान्याचा खरा खर्च पण मालकावर आला. टेम्पररी आहेस, तुला काही मिळत नाही, हे तर ऐकूनच घेऊ नका, कॅज्युअल कामगार 2000 सालीच कायद्यात आलाय. 2017 पासून तर कामावर घेतानाच हे हक्क लेखी सांगायचे असा नियम आहे. मी आजवर शेकडो जणांना विचारलं असेल, असा कागद मिळालेला एकही भेटला नाही.

रस्त्यावरच्या अपघाताचं पण सांगते. आपल्याच राज्यातला एक साखर कारखान्याचा वॉचमन 2003 मध्ये ड्युटीला जाताना कारखान्यापासून 5 किलोमीटरवर अपघातात गेला, आणि त्याच्या घरच्यांच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचा निकाल आला जुलै 2025 मध्ये. 22 वर्षं! 1923 च्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता स्पष्टच लिहिलंय की घर ते काम या वाटेवरचा अपघात कामाशी जोडलेला असेल तर तो कामावरचाच धरायचा, त्यामुळं सेकंड शिफ्ट सुटल्यावर सिन्नर हायवेला गाडीला धक्का लागला तरी सुटल्याची वेळ, पंचिंग, पोलिसांचा कागद सगळं जपून ठेवा.

त्या पोरानं अंगठा लावला नाही. दवाखान्याची फाईल, पगार जमा झालेलं पासबुक आणि सोबतच्या एका कामगाराचा जबाब एवढं जमवून आम्ही लेबर कोर्टात अर्ज लावलाय, सोमवारी तारीख आहे, मी जातेय त्याच्यासोबत.