कात्री, गोंद आणि आठ गाणी

[दृश्य: टेबलावर सात इंची रेकॉर्डचं पाकीट, जवळून]

हे पाकीट नीट पाहा. कड वाकडी कापली गेलीय, घडी सरळ बसलेली नाही आणि कोपऱ्यातून गोंद बाहेर येऊन पिवळा पडलाय. कारखान्यातून असा माल आला असता तर दुकानदाराने परत पाठवला असता. पण हे पाकीट कारखान्याने केलेलंच नाही. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन डीसीत, नुकत्याच शाळा संपवलेल्या काही पोरांनी ते घरी बसून चिकटवलंय.

आपला विषय आहे या शहरातले अल्पायुषी पंक बँड; पंक म्हणजे वेगवान, कर्कश, बंडखोर रॉक संगीत. या पोरांच्या बँडचं नाव टीन आयडल्स. 1979 साली जमला, 1980 च्या नोव्हेंबरमध्ये मोडला. कार्यक्रमांतून जे चार पैसे मिळत ते कुणी खिशात घातले नाहीत, एका डब्यात टाकत गेले. बँड मोडला तेव्हा डब्यात सुमारे 600 डॉलर निघाले. आता हे पैसे चौघांनी वाटून घ्यायचे, की जो बँड उरलाच नाही त्याची रेकॉर्ड काढायची? रेकॉर्ड काढायचं ठरलं. त्यासाठी कंपनी हवी, म्हणून डिस्कॉर्ड हे नाव घेतलं. झाली कंपनी.

ध्वनिमुद्रण पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनला झालं, डॉन झिएन्तारा यांच्या इनर इअर स्टुडिओत. स्टुडिओ म्हणायचं इतकंच, ते त्यांचं राहतं घर होतं. आठ गाणी, एक हजार प्रती. तबकड्या कारखान्यातून आल्या, पण पाकिटं करून घ्यायला पैसे कुठले उरायला! मग पोरांनी इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डचं पाकीट हळूच उकललं, सपाट केलं आणि त्यावरून आकार काढून घेतला. त्या मापाने कागद छापून आणले. मग कात्रीने कापायचं, घडी घालायची, कडेला गोंद लावायचा, वर काहीतरी जड ठेवायचं आणि पुढचा कागद घ्यायचा. मित्र आले की त्यांच्याही हातात कात्री. पुढच्या काही रेकॉर्डांचीही पाकिटं याच पद्धतीने झाली. आपल्याला अमुक येत नाही, आपल्याकडे तमुक नाही, या सबबींवर माझ्या मते याहून चोख उत्तर नाही. म्हणूनच कॅमेरा इथे जरा जास्त रेंगाळलाय.

[दृश्य: मुखपृष्ठ. दोन मनगटं, एकावर एक]

मुखपृष्ठावर मुठी आहेत आणि मुठींच्या पाठीवर मार्करने काढलेल्या जाड काळ्या फुल्या. या फुल्यांची गोष्ट कॅलिफोर्नियाची. 1980 च्या उन्हाळ्यात ही मंडळी ग्रेहाउंड बसने देश ओलांडून तिकडे गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्समध्ये, म्हणजे मुळात एका फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये, कमी वयाच्या पोरांना आत सोडलं, पण हातावर फुली मारून. फुली दिसली की बारवाल्याने दारू द्यायची नाही. क्लबचं पोट दारूवर चालतं, त्यामुळे वय भरलेलं नसलं की गाणंही दारातच अडतं. परतल्यावर पोरांनी ही युक्ती डीसीच्या नाइन-थर्टी क्लबला सुचवली, आणि दार उघडलं.

दारूबंदीची ती खूण पोरं पुढे हौसेने मिरवू लागली. त्यामागे होता पुढचा बँड, मायनर थ्रेट. गायक इयन मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन, दोघेही टीन आयडल्समधलेच. त्यांचं ‘स्ट्रेट एज’ हे गाणं जेमतेम 46 सेकंदांचं. आशय इतकाच, की नशेत पडून राहण्यापेक्षा मला करण्यासारखं बरंच काही आहे. पंक म्हणजे नशा, असं जग धरून चाललेलं असताना विशीही न गाठलेला गायक हे ओरडून सांगत होता. या 46 सेकंदांची पुढे देशोदेशी चळवळ झाली, आणि तिच्यातल्या कट्टर लोकांनी काही ठिकाणी मारहाणही केली.

[दृश्य: डिस्कॉर्ड हाउसच्या पायऱ्या, 1983 चं छायाचित्र]

आर्लिंग्टनचं हे डिस्कॉर्ड हाउस. 1981 मध्ये कंपनीचं बिऱ्हाड इथे आलं. पायऱ्यांवर बसलेत ते मायनर थ्रेट, फोटो ग्लेन फ्रीडमन यांचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा बँड शेवटचं वाजला.

मग दोन वर्षं कार्यक्रमांत गाण्यापेक्षा गुद्दागुद्दीच जास्त. जुनी मंडळी कंटाळली. 1985 मध्ये एमी पिकरिंग या तरुणीने, सरकारी कचेरीतल्या नोकरीच्या वेळेत, ओळखीच्यांना निनावी चिठ्ठ्या धाडल्या: तयार राहा, हा क्रांतीचा उन्हाळा आहे. ‘रिव्होल्यूशन समर’ हे नाव तिथून आलं. त्या उन्हाळ्याचे बँड म्हणजे राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस, बीफइटर. राइट्स ऑफ स्प्रिंग आवेशात स्वतःचीच वाद्यं मोडायचा, त्यामुळे कार्यक्रम फार झालेच नाहीत. बीफइटर वर्णद्वेषावर गायचा, ताटातल्या मांसावरही. एम्ब्रेसने पैशाच्या हव्यासाला धारेवर धरलं. 1986 संपेपर्यंत तिघेही मोडले, आणि एम्ब्रेसची रेकॉर्ड बाहेर आली ती 1987 मध्ये.

[दृश्य: मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू. ड्रम, बादल्या, पत्र्याचे डबे. आवाज पूर्ण सोडावा]

21 जून 1985. समोर दक्षिण आफ्रिकेचा दूतावास. 1984 च्या नोव्हेंबरपासून इथे वर्णभेदाविरुद्ध रोज निदर्शनं चालली होती, लोक स्वतःहून अटक करून घेत होते. पंकवाले आले ते ड्रम घेऊन. ज्याच्याकडे ड्रम नव्हता त्याने हाताला येईल ते वाजवलं.

[निवेदन थांबावं. ठेका चालू]

1986 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार उलथवून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले.

[दृश्य: कपाटात उभ्या रेकॉर्डांच्या रांगा]

डिस्कॉर्डने बँडशी कधी लेखी करार केले नाहीत. खर्च वजा जाता उरलेला नफा कंपनी आणि बँड वाटून घेतात. एकेक बँड मोडून किती वर्षं झाली, तरी रेकॉर्डी मिळतात.

1987 मध्ये मकाय यांनी नवा बँड काढला, फुगाझी. राइट्स ऑफ स्प्रिंगचे गी पिचियोतो आणि ब्रेंडन कँटी त्यात आले. सगळ्या वयांना प्रवेश, तिकीट पाच डॉलरच्या आसपास. हा बँड मात्र दीड दशक टिकला, त्यामुळे तो आपल्या विषयात बसत नाही.