सर्टिफाइड गाडीचे वरचे पन्नास हजार द्यायचे का?

नमस्कार मंडळी! मागच्या दोन्ही व्हिडिओंखाली एकच प्रश्न येतोय. "दादा, जुनी गाडी सर्टिफाइड घेऊ की ओळखीतली? सर्टिफाइडवाला पन्नास हजार जास्त सांगतोय." एका ताईंनी तर तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा नुसतं "दादा???" एवढंच. ताई, हा घ्या तुमचा व्हिडिओ.

सोपं आहे ते आधी उरकून टाकतो. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं, नाव आणि विकणारा माणूस एकच आहे का? चेसिस नंबर आरसीवर वाचून भागत नाही, गाडीवर जाऊन बघायचा. गाडीवर कर्ज होतं तर ते फिटल्याची बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. गाडी तुमच्या नावावर ट्रान्सफर करायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान किती थकलंय ते ऑनलाइन दिसतं. पुण्यातली गाडी आहे, थोडं निघणारच, ते विकणाऱ्याने भरायचं. झालं. हे तुम्हाला माहिती होतं, पुढे जाऊ.

सर्टिफाइड म्हणजे तपासून, वॉरंटीसकट विकलेली जुनी गाडी. आता मला सांगा, ती सर्टिफाय कोणी केली? आरटीओने? नाही. सरकारने? अजिबात नाही. जो गाडी विकतोय, त्यानेच. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईचं प्रॉमिस, टोयोटाचं यू ट्रस्ट ही कंपन्यांची स्वतःची दुकानं. स्पिनी, कार्स२४ हे ऑनलाइनवाले. आणि तिसरा प्रकार म्हणजे हायवेलगत पत्र्याच्या शेडवर स्वतःच बोर्ड रंगवून घेतलेला: "सर्टिफाइड कार्स". तिथे सर्टिफिकेट मागितलं तर चहा मिळतो.

मग ते सांगतात, "सर, दोनशे पॉइंट चेक केलेत." कोणी तीनशेच्याही वर सांगतं. अहो, वायपर फिरतो हा एक पॉइंट. हॉर्न वाजतो हा एक पॉइंट. चारही काचा खाली जातात, झाले चार! आकडा मोठा असला म्हणजे तपासणी खोल झाली असं होत नाही. मला पॉइंट नकोत, मला वॉरंटीचा कागद हवा. तोही टोकन, म्हणजे गाडी पक्की करायची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी. हे वाक्य आज तुम्ही माझ्याकडून बऱ्याचदा ऐकणार आहात, वैतागू नका.

का, ते ऐका. माझे मामा कोथरूडला राहतात. त्यांनी एका मोठ्या शोरूममधून, नाव घेत नाही, पेट्रोल हॅचबॅक घेतली. सर्टिफाइड, एक वर्षाची वॉरंटी, गाडीवर लाल रिबीन, चावी घेताना फोटो, सगळं झालं. तिसऱ्या महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी काही चढेना. जळका वास आला. क्लच गेला. मामा निर्धास्त, म्हणाले, "अरे, वॉरंटी आहे की." शोरूममध्ये गेलो तर तिथल्या मुलाने फाइल उघडली, पान चार काढलं, आणि बारीक अक्षरातल्या एका ओळीवर पेन ठेवला. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, टायर, बॅटरी, वायपर: वॉरंटीत नाही. झिजणारे भाग. बिल झालं साडेतेरा हजार. मामांनी ते पान त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, कारण फाइल चावीबरोबर मिळाली होती आणि चावी मिळाल्यावर फाइल कोण वाचतं?

यातली खरी गोम आता बघा. पुण्यातली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारी होते. सकाळी सिंहगड रोडचं ट्रॅफिक, संध्याकाळी हिंजवडीचं. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर असले तरी क्लचने त्याच्या दुप्पट सोसलेलं असतं. म्हणजे इथे जे हमखास जातं, ते वॉरंटीच्या बाहेर. आणि वॉरंटीत काय? इंजिन आणि गिअरबॉक्स. साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीचं इंजिन, वेळेवर ऑइल बदललेलं असेल, तर पाचव्या-सहाव्या वर्षी सहसा काही होत नाही. मग तुम्ही पन्नास हजार कशाचे देताय?

थांबा, लगेच "सर्टिफाइड म्हणजे लूट" अशी कमेंट टाकू नका. एक चिंचवडचे काका प्रत्येक व्हिडिओखाली तेच लिहितात. काका, प्रेम आहे तुमच्यावर, पण गणित तरी करू. समजा तीच गाडी, तेच वर्ष. मालकाकडे ४ लाख १० हजार, सर्टिफाइड ४ लाख ६० हजार. फरक पन्नास. यातून वजा काय होतं? मालकाकडून घेताना तुम्ही स्वतः मेकॅनिक नेणार, तो दीड-दोन हजार घेणार. ट्रान्सफरला एजंट धरलात तर आणखी काही हजार. सर्टिफाइडमध्ये दोन-तीन सर्व्हिस फुकट असतील तर मजुरी वाचली. ऑइलचे पैसे बहुतेक तुम्हीच देता, हेही विचारून घ्या. ओढूनताणून दहा-बारा हजार झाले. उरलेले अडतीस-चाळीस हजार ही निव्वळ वॉरंटीची किंमत. आता सांगा, चाळीस हजारांची वस्तू तुम्ही न बघता घेता का? साडी घेताना ताई पदर उलगडून बघतात. कागद मागा! टोकनच्या आधी!

आता गाडी ऑटोमॅटिक असेल, ड्युअल क्लचवाली, किंवा टर्बो डिझेल, तर मी उलट सांगेन. तिथे गिअरबॉक्सचं काम निघालं तर आकडा लाखाच्या घरात जातो, आणि नाक्यावरचा मेकॅनिक हात लावायला तयार नसतो. तिथे चाळीस हजार देऊन एक वर्ष शांत झोप घ्या. पण गिअरबॉक्स वॉरंटीत आहे म्हणजे आतलं काय काय आहे? कंट्रोल युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कॉम्प्युटर, आहे? सेन्सर आहेत? की फक्त लोखंड आहे? हे सगळं कागदावर हवं, सेल्समनच्या तोंडी नको.

अजून एक, याच कागदावर. दुरुस्ती कुठे होणार? एका प्रेक्षकाने लिहिलं होतं की गाडी बंद पडली साताऱ्याजवळ, आणि वॉरंटीवाल्यांनी सांगितलं, आमच्या पुण्याच्या वर्कशॉपला आणा. टोइंगचा खर्च कोणाचा? त्या प्रेक्षकाचा. बाहेर नुसतं ऑइल बदललं तरी काही ठिकाणी वॉरंटी संपते. एका क्लेमला कमाल किती रुपये, याचीही ओळ असते. झालं, तिसऱ्यांदा सांगून झालं. आता नाही बोलत.

जीएसटीचं जरा बोलू, कारण त्यावर कमेंटमध्ये भांडणं लागली होती. जुन्या गाडीवर १८ टक्के लागतो, पण पूर्ण किमतीवर नाही. डीलरच्या मार्जिनवर. त्याने चार लाखांना घेतली, साडेचारला विकली, तर टॅक्स पन्नास हजारांवर. शेजारच्या जोशीकाकांनी त्यांची घरची गाडी तुम्हाला विकली तर जीएसटीचा संबंधच नाही. त्यामुळे "सर, जीएसटीमुळे महाग आहे" असं कोणी म्हटलं तर गोड हसा आणि मार्जिन विचारा. सांगणार नाही तो, पण चेहरा बघण्यासारखा होतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय, वरचा सेसही गेला. तरी जुने भाव धरून बसलेले विक्रेते आहेत. आधी नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत काढा, मग जुनीचा सौदा करा.

बरं, सर्टिफाइड न घेता मालकाकडून घ्यायची ठरवलीत, तर माझी आवडती युक्ती सांगतो. विम्याची चालू पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियमवरची सूट, किती टक्के आहे ते बघा. क्लेम न घेतलेल्या प्रत्येक वर्षाला तो चढतो: २०, २५, ३५, ४५, मग ५०. क्लेम घेतला की सहसा परत शून्य. आता गाडी पाच वर्षांची, मालक म्हणतो "एक ओरखडा नाही हो, फक्त देवळात जायला वापरली", आणि पॉलिसीवर बोनस २० टक्के. म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी काहीतरी झालंय. बंपर असेल, पुढचा अख्खा भागही असेल. भांडू नका, विचारा. खरा माणूस बिल काढून दाखवतो. आणि तो बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही, तेव्हा "विमा भारी आहे" म्हणून जास्त पैसे देऊ नका. हीच पॉलिसी सर्टिफाइडवाल्याकडेही मागा. दोनशे पॉइंटमध्ये हा पॉइंट मला अजून कुठे दिसलेला नाही.

दुसरं, सीट बेल्ट. हसू नका. गेल्या पावसाळ्यानंतर मी एक सेडान बघायला गेलो. आतून चकाचक, परफ्यूम असा की डोळे चुरचुरले. मागचा बेल्ट धरला आणि ओढत राहिलो, पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर, आणि शेवटच्या वीतभरात तपकिरी रेघ, हाताला खरखरीत. गाळ. सीटखाली हात घातला तर रूळ गंजलेला. पुण्याच्या पुरात २०१९ च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याने आणि २०२४ च्या जुलैत एकतानगरीने काय पाहिलं ते आपल्याला माहिती आहे. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या कुठेतरी गेल्याच ना? सीट धुता येते, बेल्टचं रीळ उघडून कोणी धूत नाही.

तर ताई, तुम्ही लिहिलं होतं की गाडी पेट्रोल मॅन्युअल आहे, २०२० ची, आणि दुसरा पर्याय तुमच्या सोसायटीतल्याच काकांची गाडी, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. मी तुमच्या जागी काकांची घेतली असती. मेकॅनिक न्या, घाट चढवून बघा, क्लच बदलायचे पंधरा हजार आधीच भावातून कमी करून घ्या. आणि सर्टिफाइडच घ्यायची असेल तर... (कॅमेऱ्यासमोर मामांच्या फाइलमधलं पान चार धरतो) हे पान. शोरूमवाला म्हणेल, "डिलिव्हरीला देतो मॅडम." तुम्ही म्हणा, "बसते मी, प्रिंट काढा."