एकमताचा ठराव

(दृश्य : समाजमंदिरापुढील ग्रामसभा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील या ग्रामसभेत तेंदूपानांच्या लिलावाच्या अटी ठरत आहेत. खुर्च्यांवर गावपाटील, भूमिया (गावचा पुजारी), सरपंच आणि गुरुजी बसले आहेत. समोर सतरंजीवर पुरुष, आणि स्त्रिया त्यांच्याही मागे, जिथे बोलणे जेमतेम ऐकू येते. पाटील बोलले, भूमियांनी मान हलवली आणि ‘बराबर आहे’ हे शब्द रांगेरांगेने मागे सरकले. ठराव एकमताने मंजूर झाला. मते मोजायची तर दोनच भरतील.

(दृश्य : पुडा बांधणारे हात)

सत्तर पानांचा हा पुडा. फाटके किंवा किडलेले पान बोटांना लागताच बाजूला पडते, उरलेल्यांची चळत मांडीवर ठोकून सारखी होते आणि दोरीचा वेढा बसतो. फळीवर, म्हणजे पाने खरेदीच्या जागी, मुनशी (कंत्राटदाराचा कारकून) कोणता पुडा नाकारतो, पैसे किती उशिरा हाती येतात, हे या बायांइतके खुर्चीवरच्या कोणालाही ठाऊक नाही. सभेत मात्र त्यांना कोणी विचारले नाही.

सभेतल्या या गप्प राहण्याला लाजाळूपणा म्हणणे सोयीचे आहे. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ ई. पॉल टॉरन्स यांनी अमेरिकी हवाई दलातील तिघा-तिघांच्या बॉम्बर तुकड्यांना कोडी घातली, तेव्हा बरोबर उत्तर वैमानिकाकडे असले तर ते बहुधा मान्य होई, पण तेच उत्तर हुद्द्याने सर्वांत खालच्या मशीनगनवाल्याकडे असले तर अनेकदा वाया जाई. शिस्तीच्या लष्करात हे घडते, तर सोयरिकींनी बांधलेल्या गावात पाटलांचे बोलणे खोडायला कोण उठेल?

(दृश्य : मेंढा-लेखाचे जंगल)

याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने यावर वाट काढली. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतो आणि एकाचाही विरोध असला तर तो थांबतो; पण त्याहून महत्त्वाचा आहे तो अभ्यासगट, म्हणजे एखाद्या विषयावर नुसती चर्चा करायला बसलेली गावकऱ्यांची बैठक, कारण तेथे ठराव करायचाच नसतो, आणि ठरावाचे ओझे नसल्यामुळे शंका काढणारा कोणाच्या विरोधात गेला असे होत नाही. शंका आधीच बोलून झालेल्या असल्या, की ग्रामसभेत मोठ्यांच्या पहिल्या शब्दाचे वजन आपोआप घटते. या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते स्वतःचा बांबू विकू लागले.

(दृश्य : कोरचीतील बैठक)

गडचिरोलीच्याच कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभारली. गावागावांतून तेथे पुरुषांइतक्याच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून पाठवण्याचा नियम आहे. तेंदूच्या अटी कंत्राटदाराशी आता एकत्रितपणे ठरतात.