जाड गंगेच्या काठची ओस गावे

मित्रहो, उत्तरकाशीहून गंगोत्रीला निघालेले बहुतेक यात्रेकरू भैरोंघाटीच्या पुलावर क्षणभर थांबतात, खालच्या खोल घळीत डोकावतात आणि पुढे जातात. त्या घळीतून येऊन भागीरथीला मिळणारी नदी म्हणजे जाड गंगा, जिला जाह्नवी असेही म्हणतात. तिबेटच्या सीमेला भिडलेल्या तिच्या नेलांग खोऱ्याविषयी मला आज बोलायचे आहे.

पुलापाशी देवदारांची गर्द सावली असते. पण पावसाचे ढग अलीकडच्या शिखरांवरच रिते होत असल्यामुळे आत जावे तसतशी झाडे विरळ होत जातात आणि लडाखची आठवण व्हावी असे उघडे, पिवळट-तांबूस डोंगर दिसू लागतात. त्यांच्या उतारांवर भरल नावाच्या रानमेंढ्या चरतात आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्याही असतो.

या खोऱ्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे गरतांग गली. सरळसोट कड्याच्या पोटात खडक कोरून, लोखंडी आधारांवर लाकडी फळ्या टाकून केलेली ही सुमारे 136 मीटर लांबीची वाट पेशावरच्या पठाणांनी बांधली असे सांगतात. डोक्यावर पुढे आलेला कातळ, पायाखाली फळ्यांची करकर आणि फटींतून खूप खाली दिसणारे नदीचे पांढरे पाणी. मी एका हाताने कठडा धरून चाललो. याच वाटेने लोकरीची आणि मिठाची ओझी घेऊन माणसे आणि जनावरे जात होती, हे मनातून जात नव्हते. आपल्या नाणेघाटासारखीच ही व्यापाराची वाट. 1944 मध्ये देहरादूनच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर याच खोऱ्यातून तिबेटात उतरला होता.

1962 च्या युद्धाने हे सारे थांबवले. नेलांग आणि जाडुंग ही गावे रिकामी करण्यात आली, आणि तिथले जाड भोटिया लोक हर्षिलजवळच्या बगोरीत आणि थंडीच्या दिवसांत खाली डुंड्याला राहू लागले. 2015 मध्ये खोरे पर्यटकांसाठी खुले झाले आणि 2021 मध्ये दुरुस्तीनंतर गरतांग गलीही. मात्र त्यासाठी परवाना लागतो. आपण या खोऱ्याला निर्जन, अस्पर्श म्हणून वाखाणतो, तेव्हा ते निर्जन कशाने झाले हे विसरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून नेलांगला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की आधी बगोरीत थांबा. तिथल्या लाकडी घरांच्या ओसरीवर आजही लोकर कातली जाते. मी बसलो होतो त्या ओसरीवरच्या आजींना नेलांगविषयी विचारले, तेव्हा त्यांनी चाती खाली ठेवली आणि त्यांचे घर नदीपासून किती अंतरावर होते, ते हाताने दाखवले.