समासातली झाबूआत्या

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे चर्चच्या जुन्या वह्यांमधून, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्यांमधून, घरबसल्या आपलं कूळ कसं शोधायचं. विषय नीट समजावून सांगायचा असं ठरवून आलोय. पण मला एक गोष्टही सांगायची आहे, आणि ती सुरू झाली की माझं घड्याळाकडे लक्ष राहत नाही. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. वहीचं पान समोर आलं की समास, म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा, बघा. पुन्हा सांगतो, समास बघा. का, ते पुढे कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवलीच पाहिजे, असा दंडक कॅथलिक चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेत घातला. मृत्यूची वही १६१४ पासून सक्तीची झाली. तिकडे इंग्लंडात तर १५३८ सालीच प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, वही घाला म्हणून हुकूम निघाला होता. आपल्याकडे जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदीचा कायदा आला १८८६ साली. त्यामुळे त्याआधीचा पणजोबा शोधायचा, तर ख्रिस्ती घराला पाद्रीबाबांच्या वहीशिवाय फारसा आधार नाही. आमचं मूळ गाव वसईकडचं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या हातात होती, म्हणून आमची आडनावं तशी आणि बोली मात्र मराठी. पुण्यातही हे नवं नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ सालचं, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतलं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्यासाठी ते उभं राहिलं. पेशवाईत पुण्यात प्रार्थना व्हायची म्हटलं की अजून लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

आता गोष्ट.

माझ्या आजोबांना एक बहीण होती, इसाबेल. घरात सगळे तिला झाबू म्हणत. वडील झाबूआत्या म्हणायचे, म्हणून आम्हीही झाबूआत्याच म्हणायचो. तिला आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. ती विहिरीत पडून गेली, एवढंच आम्हाला माहीत. वाडीत केळीच्या बाजूला विहीर होती, तिच्या काठावर वाकलो की आजोबा लांबून ओरडायचे, "झाबूसारखे जाल!" आजोबा एरवी मवाळ माणूस. पण त्या विहिरीपाशी त्यांचा आवाज बदलायचा. आम्ही पोरं टरकून मागे व्हायचो. पुढे माझ्या मुलांनाही मी गावी गेल्यावर तेच वाक्य ऐकवलं. असं ते तीन पिढ्या चाललं.

मी शहात्तर साली पुण्यात आलो आणि छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो. चाळीस वर्षं तेच केलं. (जाता जाता सांगतो, प्रुफरीडर ही जात आता संपली. परवा एका लग्नपत्रिकेत 'शुभविवाह'च्या जागी 'शुभविवाद' छापलेलं पाहिलं. कुणाला खटकलंसुद्धा नाही.) निवृत्त झाल्यावर हा वंशावळीचा नाद लागला. गावच्या चर्चमधल्या एका हौशी मुलाने जुन्या वह्यांची पानं स्कॅन करून ठेवली होती. पाद्रींची परवानगी घेऊन त्याने मला पाहायला दिली. मी ठरवलं, पहिली झाबूआत्या. तिच्या मृत्यूची तारीख काढायची आणि त्या दिवशी तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायची.

मृत्यूच्या वह्या उघडल्या. १९१५ ते १९३० सगळी पानं पाहिली. झाबू नाही, इसाबेल नाही. बरं, म्हटलं, निदान जन्म तरी बघू. बाप्तिस्म्याच्या वहीला मागे सूची होती. आता इथे ऐका, हे उपयोगाचं आहे. त्या सूचीत आडनावं नव्हती, नुसती पाळण्यातली नावं. जुन्या कॅथलिक वह्यांत अशी सूची पुष्कळदा सापडते. पुन्हा सांगतो, आडनावाने शोधू नका, नावाने शोधा. मी इ अक्षरावर गेलो. पंधरा-वीस इसाबेल असतील म्हणून बसलो, तर एकही नाही. आमच्याकडे गल्लीगल्लीत इसाबेल, आणि वहीत एक नाही!

आठवडाभर डोकं चालेना. मग एका फादरना फोनवर विचारलं. ते हसले. म्हणाले, "वही लॅटिनमध्ये आहे ना? मग इसाबेल नसणार, एलिझाबेथ असणार. इसाबेल हे एलिझाबेथचंच दुसरं रूप." झालं. एलिझाबेथ पाहिली तर रांगच लागली. १९०२ सालच्या पानावर आमच्या पणजोबांचं नाव, पणजीचं नाव, आणि मुलीचं नाव एलिझाबेथ. धर्ममाता कोण, तर आमच्या शेजारच्या घरातली बाई. मी खूश. ती नोंद मोठी करून, मधलीच तेवढी कापून, प्रिंट काढली आणि कपाटावर चिकटवली.

चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस मी. आमच्या धंद्यात सगळा जीव समासात असतो, चूक ओळीत आणि खूण समासात. आणि मी काय केलं, तर मधला मजकूर मोठा केला आणि कडा कापून टाकल्या.

महिन्याभराने बायकोला दाखवायला मूळ पान संगणकावर उघडलं. तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "अहो, हे कडेला बारीक काय लिहिलंय? शाईसुद्धा वेगळी आहे."

कडेला लॅटिनमध्ये चार ओळी होत्या, आडव्या पानात उभ्या कोंबलेल्या. अर्थ असा की, हिने अमक्याशी विवाह केला, ठिकाण पूना, फेब्रुवारी १९२३.

श्रोतेहो, मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. विहिरीत पडून गेलेली आमची झाबूआत्या लग्न करून पुण्यात होती. जिथे मी चाळीस वर्षं राहिलो, त्या गावात.

आता ही टीप तिथे आली कशी? कॅथलिक चर्चमध्ये १९०८ पासून असा नियम आहे की, लग्न कुठेही होवो, तिथला पाद्री वधूवरांच्या मूळ पॅरिशला कळवतो आणि तिकडचा पाद्री बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लग्न टिपून ठेवतो. म्हणजे १९२३ साली पुण्याहून गावात पत्र गेलं होतं. लग्नाआधी तिला बाप्तिस्म्याचा दाखलाही लागला असणार, तोही गावातूनच आला असणार. म्हणजे घरात विहिरीची गोष्ट रुजत होती, तेव्हा पाद्रीबाबांना सगळं ठाऊक होतं. आणि त्यांनी ते समासात लिहून वही मिटली.

पुढचं संगणकावर मिळेना. पुण्यातल्या त्या चर्चची लग्नाची वही कुठेही स्कॅन झालेली नव्हती. मी पॅरिश ऑफिसला अर्ज दिला. दोनदा हेलपाटा पडला, तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या बाईंनी कपाटातून वही काढली. वर जाड पुठ्ठा, आत वाळवीची भोकं. (वाळवी परवडली, पण कुणीही जुना कागद लॅमिनेट करून आणू नका. प्लॅस्टिकमध्ये घातला की तो कागद गेलाच समजा, उष्णतेने शाई जाते आणि नंतर तो सोलताही येत नाही. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.)

नवरा नगर जिल्ह्यातला, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. तेव्हा कळलं. वसईकडच्या ख्रिस्ती लोकांतसुद्धा बेटीव्यवहार जातीतच व्हायचा, हे आमच्यातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. मग नगरकडच्या माणसाशी लग्न म्हणजे काय झालं असेल!

पण ते राहू दे. मी खाली साक्षीदारांच्या सह्या बघत होतो. पहिली सही इंग्रजीत, कुणा कारखान्यातल्याची. दुसरी मराठीत.

आमचे आजोबा मराठी दुसरी शिकलेले. सही करताना ते आधी शिरोरेघ ओढायचे, लांबलचक, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगायचे. अक्षरं संपायची, रेघ उरायची. शेतसाऱ्याच्या पावतीवर, रेशन कार्डावर, माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे तीच रेघ. इथे वहीत ती रेघ रकाना ओलांडून पाद्रीबाबांच्या अक्षरात शिरली होती. आणि रेघेखाली नाव, पास्कू.

आजोबा. उभ्या जन्मात बोरीबंदरच्या पुढे गेले नाहीत, असं आम्ही ज्यांच्याबद्दल समजत होतो, ते. बहिणीच्या लग्नाला गुपचूप पुण्याला आले, साक्षीदार म्हणून सही केली, परत गेले आणि जन्मभर पोरांना विहिरीपासून हाकलत राहिले.

बाईंनी विचारलं, "काका, पाणी देऊ का?" मी म्हटलं, द्या.

असो. तांत्रिक विभागातून खूण आली, थोडाच वेळ राहिलाय. उरलेलं झपाट्याने सांगतो.

इंटरनेटवर फॅमिलीसर्च नावाचं संकेतस्थळ आहे, फुकट आहे, नुसतं खातं उघडावं लागतं. अमेरिकेत युटामधल्या मॉर्मन चर्चच्या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म केले, त्यांचं आता डिजिटल रूप झालंय. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. तिथे दोन प्रकार असतात. काही नोंदी टाइप केलेल्या असतात, नाव घातलं की सापडतात. काही नुसते पानांचे फोटो असतात, ते एकेक पान उलटून बघावे लागतात. नाव घालून सापडलं नाही म्हणजे नोंदच नाही, असं समजू नका. हे दोनदा सांगतो, नाव घालून सापडलं नाही म्हणजे नोंदच नाही, असं समजू नका.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या वह्यांच्या नकला आहेत, दरवर्षी इथून तिकडे पाठवलेल्या. त्या फाइंडमायपास्ट नावाच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. पण त्यात प्रामुख्याने गोरे आणि अँग्लो-इंडियन, मराठी माणसाने फार आशा धरू नये.

जुन्या लॅटिन वहीत महिन्याच्या जागी ७ आकडा आणि पुढे 'ब्रिस' दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर. सेप्टेम म्हणजे सात, त्यावरून. मी यात एकदा दोन महिने घालवलेत. आणि नावाचं स्पेलिंग पाद्रीच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, तेव्हा चार प्रकारे शोधा. (आजकाल तर लोक स्वतःहूनच नावात जादा अक्षरं घालतात, अंकशास्त्र म्हणे. शंभर वर्षांनी शोधणाऱ्याने भिंतीवर डोकं आपटावं.)

ज्यांच्या घरी चर्चचा संबंध नाही, त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांचे चोपडे आहेत, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर आहे, तहसीलला कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी वही आहे, आणि इथे पुण्यात पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. तिथेही समास बघा.

झाबूआत्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. पुण्यातल्या वहीत तिच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सापडले. तिसरा १९२९ सालचा, मुलाचं नाव पास्कालिस. १९३१ नंतर त्या घराचं काहीच सापडत नाही. कारखान्यातून बदली होऊन गेले असावेत, माझा अंदाज जबलपूरचा आहे, तिथेही तोफगाड्यांचा कारखाना होता. तिथल्या पाद्रींना गेल्या आठवड्यात पत्र टाकलंय. पत्रात तिचं नाव तिन्ही प्रकारे लिहिलंय, एलिझाबेथ, इसाबेल आणि कंसात झाबू. बायको म्हणाली, झाबू कशाला, त्यांना काय कळणार? पण मी ते खोडलं नाही.

नमस्कार.